सात नंबरचे स्टॉपवॉच

सोमवार, १० मार्च

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने विभागप्रमुखांना थेट पत्र लिहावे ही आगळीकच आहे, क्षमा असावी. समोर उभी राहिले की माझे शब्द घशात अडकतात. कागदावर ते ओळीने येतात, म्हणून हे धाडस.

मागे आपण विचारले होते, “रुळलीस का गं?” मी मान हलवली होती. खरे तर पहिले दोन महिने मला गणित कळायचे, त्याभोवतीचे इंग्रजी कळायचे नाही. आता पुष्कळ बरे आहे. ग्रंथालयातली खिडकीजवळची खुर्ची माझी झाली आहे. माझ्या खोलीतली मैत्रीण, जिला सगळे ‘रेडिओ’ म्हणतात, तीच प्रयोगशाळेतही माझी जोडीदारीण. व्याख्यानात न कळलेले ती मला जेवताना मराठीत समजावते आणि वर म्हणते, “फी म्हणून तुझ्या ताटातलं गोड माझं!”

गुरुवारी अकरा वाजता आपल्या कार्यालयात तिची चौकशी आहे. त्याविषयी लिहायला बसले आणि जेवणाविषयी लिहीत राहिले.

आमच्या शाळेत लंबक एकच होता. बाई तो हलवून दाखवत आणि निरीक्षणे फळ्यावर लिहून देत. आम्ही ती सुवाच्य अक्षरात उतरवली, गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८ आले, की प्रयोग झाला. मला कायम पूर्ण गुण असत.

इथे प्रात्यक्षिकाच्या सरांनी आमच्या दोघींच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. माझे उत्तर ९.८, तिचे ९.२.

“लंबक एक, घड्याळ एक, आणि उत्तरं दोन? आकडे घरून कुणी आणले?”

“सर, हे सात नंबरचं स्टॉपवॉचच पुढे पळतं. लावून बघा ना!”

“हो, हो, अंगणच वाकडं!” सगळे हसले. मग सर माझ्याकडे वळले. “तू स्वतः मोजलंस ना?”

मी मान हलवली. मॅडम, मान हलवणे मला फार सोपे जाते.

खोटी निरीक्षणे लिहिल्याचा ठपका तिच्यावर आला. तो सिद्ध झाला तर तिचे वर्ष जाईल. काल खोलीत ती म्हणाली, “तुझा हात स्थिर आहे गं. माझंच मोजण्यात चुकलं असेल. आकडे मनाने लिहिले म्हणून कबूल करते, माफी मागते. निदान वर्ष तरी वाचेल.” रेडिओचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तिचे चुकलेले नाही. शनिवारी शिपाईकाकांकडून किल्ली घेऊन मी ते स्टॉपवॉच माझ्या घड्याळाशी ताडून पाहिले. मिनिटाला दोन सेकंद पुढे जाते. तेवढ्याने उत्तर ९.२ च येते.

माझे वडील शिंपी आहेत. नजरेने माप घेणारा कापडाचा वैरी, असे ते म्हणतात. दुकानातल्या आरशावर त्यांनी माझ्या पहिल्या क्रमांकाचे कात्रण लावले आहे. नवे गिऱ्हाईक आले की आधी ते दाखवतात, मग टेप काढतात.

मी त्या दिवशी एकही दोलन मोजले नाही. सूचना कळल्या नव्हत्या आणि विचारायची लाज वाटली. ९.८ हे उत्तर धरून मागे मागे गेले, वेळेचे आकडे बसवले आणि सुंदर अक्षरात लिहिले. लिहिताना ते चूक वाटलेही नव्हते. सरांनी विचारले तेव्हा मात्र वाटले होते.

खोटी वही माझी आहे. कृपा करून तिला माफी मागू देऊ नये.

आपली विद्यार्थिनी,
अजून तसे म्हणवून घेता येत असेल तर

ता. क. हे पत्र तीन दिवस माझ्या पिशवीत राहिले. आज सकाळी ती म्हणाली, “तुझं अक्षर छान. माफीनामा तूच लिहून दे.” ‘मी’ एवढे लिहून थांबले. पुढे तिचे नाव लिहायचे होते. माझे लिहिले, खाली सहीही केली. तो कागद सोबत जोडला आहे. मी दाराबाहेर उभी आहे. आपण विचारलेत तर या वेळी तोंडाने उत्तर देईन.

दाराखालून आत सरकवले: गुरुवार, १३ मार्च, सकाळी १० वाजून ४२ मिनिटे.