खोकली इंजिनाची वाटणी

मी, फुलझरी, कैलासवासी रामऔतार ड्रायव्हर यांची बायको, राहणार वाईदमू, फिजी, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे; ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी भांडून पाहावं. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. नगोनाच्या मुळ्यांचं गुंगीचं पाणी प्यायले आहे, पण एकच वाटी. शाळा फारशी पाहिली नाही, तरी अक्षराला हसू नये.

कलम पहिलं. जमीन माझी नाही, आमच्या जुन्या शेजाऱ्याच्या, सेमीच्या कुळाची आहे, म्हणजे इथल्या मूळच्या काईवीती लोकांची, आणि भाडेपट्टा संपत आला आहे. तेव्हा तिच्यावरून कोणी डोकी फोडू नयेत. घर पत्र्याचं आहे, उचलून नेता येतं. ते माझी विधवा भाची चंपा हिला द्यावं. ती माझ्या पाठीमागे माझी नक्कल करते. चांगली करते.

कलम दुसरं. लोखंडी तवाही चंपालाच. माझी जाऊ भगवंती हिने मागितला तर तवा पडवीत आणून दाखवावा आणि परत आत न्यावा. माझ्या लोणच्यात पाणी असतं असं तिने देवळात सांगितलं आहे.

कलम तिसरं, आणि खरं. अंगणातलं इंजिन.

साखर कंपनीने तिला कुठल्याशा साहेबाच्या बायकोचं नाव दिलं होतं. चढावर खोकायची म्हणून आम्ही खोकली म्हणायचो. हंगामात तिने अख्ख्या खोऱ्याचा ऊस मिलला ओढला आणि शनिवारी माणसं, बकऱ्या, कोंबड्या फुकट बाजाराला नेल्या. आम्ही बायका रुळाकाठी बादल्या ठेवायचो, ड्रायव्हर तिच्यातलं उकळतं पाणी भरून द्यायचा, आम्ही त्याला रोटी आणि वांग्याचं भरीत द्यायचो. महापुरात पूल वाहून जाऊ नये म्हणून तिला पुलाच्या मधोमध वजनाला उभी करून ठेवली. पूल राहिला. कौतुक इंजिनियरचं झालं.

माझं लग्नही तिनेच लावलं, आधी मोडून. आमच्यात मंडपाला ऊस बांधतात. माझ्या सासऱ्यांनी हौसेने वरातीच्या डब्यांनाही बांधला, इतका की आतलं माणूस दिसेना. सेमी तेव्हा खोकलीचा ड्रायव्हर होता. वाटेत तो डबे सोडून इंजिनात पाणी भरायला गेला. वरातीने तेवढ्यात नगोना घेतली आणि नवऱ्यासकट सगळे आडवे झाले. शेजारच्या रुळावर खऱ्या उसाचे डबे उभे होते. सेमीने परत येऊन तेच जोडले. मागून मिलचं दुसरं इंजिन आलं आणि वरात घेऊन गेलं.

खोकली शिट्ट्या मारत आमच्या दारी आली. मावशीने उसाला ओवाळलं. माझा बा हार घेऊन या डब्यापासून त्या डब्यापर्यंत फिरला आणि मग त्याने विचारलं, "नवरा कुठला?"

सेमीने मागे वळून पाहिलं. म्हणाला, "यातलाच असेल कुठलातरी."

तिकडे मिलच्या काट्यावर वरातीचं वजन झालं आणि कारकुनाने चिठ्ठीवर 'ऊस वाळका' असं लिहिलं. रामऔतारला खाली ओढताना हमाल म्हणाला होता की हा कांडका फारच वाकडा आहे. खोकलीने वरात मिलवरून परत आणली तोवर मुहूर्त टळला, पंडितजी फुगले, पण लग्न लागलं. मुहूर्तावर लागलेल्या माझ्या बहिणीचा नवरा मात्र सुवा शहराला पळाला, माझा मरेपर्यंत घरी होता.

पुढे रामऔतार तिचा ड्रायव्हर झाला. मग डिझेल आलं आणि कंपनी तिला तोडायला निघाली. त्याने ती मागून घेतली. सेमीचं गाव आणि आमची ऊसतोडीची टोळी, दोघांनी मिळून शेतातून आणली. पुढे बैल, आणि मागचे रूळ उचलून पुन्हा पुढे टाकायचे. ऊस तुडवला म्हणून शिव्या देणारेही ओढत होते.

आता माझा एकुलता मुलगा बिसुनदत्त म्हणतो, ती समुद्राकाठच्या हॉटेलला देऊ. ते तिला गुलाबी रंगवून पोटात सरबताचं दुकान घालणार. हे होऊ नये. म्हणून लिहिते की इंजिन बिसुनची मुलगी उर्मिला हिचं, आणि कोळसा-पाण्याचा मागचा डबा सेमीचा नातू वाईसेआ याचा. एकावाचून दुसरं हलत नाही. दोघं दर रविवारी खोकलीची दुरुस्ती करतात. माझी नजर कमी झाली आहे, इतकी नाही. बिसुन म्हणतो, काईवीती जावई माझा उंबरा ओलांडणार नाही. त्याच काईवीतींच्या जमिनीवर तो उंबरा आहे.

कलम शेवटचं. बिसुनला काहीही दिलेलं नाही. शिट्टीसुद्धा नाही. बिसुन, तोंड पाडू नकोस, पुढे वाच. वकील म्हणाला की कागदातून ज्याला काही मिळतं त्याने साक्ष घालू नये, साक्षीदाराच्या बायकोलाही काही मिळू नये. मला खाली तुझी सही हवी आहे, म्हणून तुम्हा नवरा-बायकोचे हात रिकामे ठेवले. सही केली नाहीस तर हा कागद चुलीत जाईल, कायद्याने सगळं तुझं होईल, हॉटेलही खूश. पोरगी मात्र तुझी राहणार नाही. मी मेल्यावर वाचायला हे लिहिलेलं नाही. येत्या रविवारी, जेवणाआधी, सगळ्यांसमोर वाचायचं. तोंडं मला बघायची आहेत.

सही: फुलझरी

साक्षीदार पहिला: सेमी नाइवालू, निवृत्त ड्रायव्हर. सही करताना माझ्यापेक्षा जास्त हसत होता, म्हणून रेघ वाकडी आहे.

साक्षीदार दुसरा: याने पेन घेतलं, ठेवलं, परत घेतलं. मग वाईसेआकडे न बघता विचारलं, "तुला जेवायला काय चालतं?"

"सगळं चालतं, काका."

"सगळं कुणालाच चालत नाही," तो म्हणाला, आणि सही केली.

बिसुनदत्त रामऔतार

वाईदमू, रविवार, १४ ऑगस्ट १९८८