कात्रणवही क्रमांक सहा

४ मार्च
अभिलेखागाराचं पत्र आलं! माझ्या नऊही कात्रणवह्या त्यांना हव्यात. पलटणीत बांधलेल्या पुलांपासून परिवहन खात्यातल्या निरोप समारंभापर्यंत — सगळी नोकरी डिंकाने चिकटवलेली. हिला पत्र वाचून दाखवलं. "बरं झालं, कपाटाचा एक खण मोकळा होईल," म्हणाली. कौतुक करावं तर हिनेच!

५ मार्च
डिंक आणला. सुटलेले कोपरे चिकटवले. दिवस मजेत गेला.

७ मार्च
सहावी वही द्यायची नाही. ठरलं. तीत नुसत्या तक्रारी. त्यातही तो 'एक नियमित प्रवासी' — अकरा वर्षं वर्तमानपत्रातून माझ्यामागे हात धुऊन लागलेला. बस उशिरा, पायरी उंच, कंडक्टर उद्धट. सत्तेचाळीस पत्रं! शत्रूची हालचाल टिपून ठेवायची ही सैन्यातली खोड, म्हणून चिकटवली. एक तर पाठच आहे: "साहेब सैन्यात असताना चार तासांत नदीवर पूल टाकत. शाळेजवळच्या थांब्यावर छप्पर टाकायला चार वर्षं का लागतात?"

ते छापून आलं त्या दिवशी जेवताना मी केवढी आदळआपट केली होती. ही शांतपणे वाढत होती. "पण छप्पर नाही हे खरंच ना?" एवढंच म्हणाली.

९ मार्च
तिसऱ्या वहीत माझ्या सचोटीवरचा लेख सापडला. सरकारी गाडीत बायकोला कधी बसवलं नाही, ती शाळेत शिकवायला बसनेच जाते — वगैरे. छाती फुगली. हिला दाखवला. "आठवतंय," म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.

१० मार्च
अभिलेखागारातल्या बाई आल्या. हातमोजे घालून पानं उलटतात! आठ वह्या मोजल्या. "सहावी?" मी म्हटलं, "हरवली." तेवढ्यात ही आतून आली — चहाचा ट्रे, आणि ट्रेखाली सहावी वही! सपशेल तोंडघशी पडलो.

बाईंनी उद्घाटनांच्या फोटोंकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन तास सहावीच वाचत बसल्या. "साहेब, खरी वही ही. प्रत्येक पत्राशेजारी तुम्ही काय केलंत ते तारखेसकट लिहिलंय." बघतो तर खरंच. पायरी — दोन इंच खाली. छप्पर — एका महिन्यात बसवलं. मी विसरूनच गेलो होतो. फार बरं वाटलं, लपवत नाही.

पण मेख आहेच. पत्रलेखकाची लेखी संमती हवी, नाहीतर ती पानं काढावी लागतील. मुदत सोमवारची. कोरं संमतीपत्र ठेवून गेल्या. आत्ताआत्तापर्यंत मीच वही दडवत होतो, आणि आता एक पान काढायचं म्हटलं तर जीव कासावीस होतो!

११ मार्च
वर्तमानपत्राच्या कचेरीत चार फोन. जुन्या पत्रांची दाद ना फिर्याद. हिला विचारलं, "कुठे शोधू या माणसाला?" म्हणाली, "अहो, बसथांब्यावर बघा." चेष्टा सुचतेय!

तरी जाऊन आलो. छप्पर अजून आहे. गळत नाही.

१२ मार्च
बाईंचा फोन. "साहेब, ते चार तासांत पूल टाकल्याचं दुसऱ्या कुठल्या कात्रणात आहे का? नसेल तर या प्रवाशाला कळलं कुठून?" नऊही वह्या चाळल्या. कुठेच नाही. तो पूल गुप्त कामगिरीतला, छापून येणारच कसा! पलटणीतल्याच कुणीतरी तोंड उघडलं असणार. मी तर घराबाहेर अवाक्षर काढलेलं नाही.

१४ मार्च
सकाळी मेजावर, माझ्या चष्म्याखाली, संमतीपत्र. भरलेलं. हिचं अक्षर, हिची सही. सत्तेचाळीस पत्रं — आणि मी घरात एकदाही विचारलं नव्हतं, तुझी बस वेळेवर येते का?

'वही देणाऱ्याशी नाते' या रकान्यात आधी 'पत्नी' लिहून खोडलंय. पुढे लिहिलंय: नियमित प्रवासी.