पौषात छाटलेलं पिवळं झुडूप

ल्यूकन,
४ एप्रिल

चि. वीणास अक्काचा आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे इथं येऊन जास्तच बोलायला लागलेत. फोनवर उल्का शेजारीच बसलेली असते, म्हणून कागदावर लिहितेय. अक्षर लागलं नाही तर सुनेकडून वाचून घेऊ नकोस. तुझं तूच लाव.

इथं आता दारोदार पिवळी झुडपं फुललीत. फॉर्सिथिया म्हणतात. आधी फूल, मग पान. नुसत्या काटक्यांवर हळद सांडल्यासारखं दिसतं. आमच्या दारचं तेवढं बोडकं. इथं आल्या आल्या मीच ते पौषात छाटलं, आपण मोगरा छाटतो तसं. मला काय ठाऊक, हे आदल्या उन्हाळ्यातच फांदीवर कळ्या धरून बसतं म्हणून! गेल्या आठवड्यात शेजारची ब्रीडा कुंपणावरून काहीतरी म्हणाली. उल्कानं मला मराठीत सांगितलं, "फुलं गळली की लगेच कापायचं, जुन्या फांद्या बुडातून काढायच्या. पुढच्या वर्षी येतील फुलं." एवढं सांगितलं आणि तिथंच उभी राहून रडायला लागली.

झुडपासाठी कोण रडतं? मी म्हटलं, "येतील म्हणतेय ना ती बाई."

"पुढच्या वर्षी आम्ही इथं नसू, आई. मी सानिकाला घेऊन कराडला येते."

जावईबापू फोनवर का येत नाहीत, म्हणून तू दर वेळी विचारतेस. दिवाळीपासून पियूष दुसऱ्या गावी, लिमरिकला राहतो. एकटा नाही. झालं, लिहिलं.

सानिका दारात ऐकत होती. नऊ वर्षांची पोर, सगळं मराठी कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "आय'म नॉट गोइंग, आजी," म्हणाली आणि दार आपटून गेली.

दुसऱ्या दिवशी मी उल्काला म्हटलं, "चल, आणखी एक झुडूप आणू." दुकानात दोन जाती होत्या. एक डोक्याच्या वर जाणारी, एक कमरेएवढी. हिनं बुटकी उचलली.

"मोठं छाटणार कोण? ते पियूष बघायचा."

"तो गेला, तुझे हात घेऊन गेला का?"

हसली. किती महिन्यांनी, कुणास ठाऊक. मोठंच घेतलं. ऊन येतं तिथं, भिंतीपासून लांब, पसरायला जागा ठेवून लावलं. खड्डा तिनं खणला. मी खुर्चीवर बसून चुका काढल्या. पहिला उन्हाळा पाणी तोडायचं नाही, एवढं बजावलंय.

हात धुताना म्हणाली, "राहते, आई."

मी म्हटलं, "राहा."

वीणा, मला ती घरी हवी होती. खोटं कशाला बोलू? रात्री हाक मारायला कुणीतरी असतं. पण तिची नोकरी इथं, पोरीची शाळा इथं. तिकडं दर हळदीकुंकवाला बायका हिच्या कपाळाकडं बघत बसल्या असत्या. माझ्या गुडघ्यांपायी तिनं मांडलेलं घर मोडायचं होय?

त्या रात्री फोनवर कारण न सांगता तुला वरची खोली आवरायला सांगितली होती, ती राहू दे. महिनाअखेरीला मी एकटीच येतेय. आळीत कुणी विचारलं तर म्हणावं, अक्काला विचारा. बघते कोण विचारतंय.

स्टँडवर घ्यायला ये. पण पहिल्या दिवशी मला काही विचारू नकोस.

दमलेली,
तुझी अक्का