दिवाळीच्या आठवड्याचा आकडा

प्रिय स्वानंदी,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोनवरच सांगितलं असतं, पण मी फोन घेऊन बसले की तुझ्या आईचा एक कान तिथेच. चौथी पास बाईचं अक्षर आहे, सावकाश वाच.

तब्येत विचारलीस की आई ‘ग्रँड’, म्हणजे एकदम छान, म्हणते ना, ते खोटं आहे. दम्याच्या पंपाचे दोन फवारे घ्यायचे तिथे एक घेते. जानेवारीपासून डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही. एका खेपेला साठ युरो, आणि तेवढ्यात तुझं तिकडे लेटरकेनीला आठवड्याचं खाणं निघतं, असा तिचा हिशेब. कमी मिळकतवाल्यांना सरकार देतं ते मेडिकल कार्ड मिळालं असतं तर डॉक्टर फुकट, औषध जवळजवळ फुकट. ते नामंजूर झालं. हे ती तुला सांगायची नाही. तुझा बाप गेला तेव्हा चौदाव्या दिवशी डबे करायला उभी राहिलेली बाई ती. सासू असून म्हणते मी.

नामंजूर का, तर फॉर्म भरला दिवाळीच्या आठवड्यात. नोकरीवाल्याला पगाराची चिठ्ठी असते, डबे करणारीला आपली मिळकत आपणच सांगावी लागते. शेजारचा श्रेयस लॅपटॉप घेऊन आपल्या टेबलाशी बसलेला, तुझी आई मेधा कोपरापर्यंत चकलीच्या पिठात. फराळाला लिमरिकपासून माणसं आलेली. आठवड्याची मिळकत म्हणून नऊशे युरो लिहिले गेले. तेल, पीठ, वीज, काही वजा नाही. सरकारने धरलं, ही बाई बावन्न आठवडे दिवाळी करते! एरवी आठवड्याला दीडशे सुटले तर नशीब. मेधाने हात पुसून, न वाचता सही ठोकली.

तेव्हापासून राग श्रेयसवर. “इंजिनिअर म्हणे, साधा आकडा लिहिता येत नाही मेल्याला,” म्हणत तिने त्याचा डबा बंद केला. पोरगा ब्रेड खाऊन राहतोय. फाटकाशी दिसला की “आजी, बऱ्या आहात ना?” विचारतो आणि मान खाली घालून जातो. परवा त्यानेच माझ्यासाठी कार्डाच्या ऑफिसात फोन लावला. तिथली बाई म्हणाली, वर्षभराचा हिशेब खर्च वजा करून द्या, पुन्हा बघू.

हिशेब आहे माझ्याकडे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज गेलेल्या डब्यांच्या रेघा मी ओढते, आणि किराण्याच्या पावत्या त्या प्रेसमध्ये ठेवते, कपाट म्हणायला तुम्हाला जड जातं ना, त्याच्यात. सगळं या पाकिटात घातलंय. तू नीट इंग्रजीत लिही. सही मी घेते आईची.

आता राहिलेलं. तो आकडा श्रेयसचा नाही. त्याने विचारलं होतं, “काकू, आठवड्याला किती?” मेधाचा घाणा कढईत, उत्तर मी दिलं. नऊशे, तेही छाती काढून. परक्यापुढे घर कधी कमी दाखवू नये, ही माझ्या आईची शिकवण. साताऱ्याला जावांना फोनवर सुनेची कमाई सांगते, तीच त्याला सांगितली. “आजी, नक्की ना?” असंही विचारलं होतं बिचाऱ्याने. इतके महिने तो बोलणी खातोय, माझं नाव घेत नाही. आणि मी इथे बसून तिचा एक-एक फवारा मोजतेय. तू आईला काही बोलू नकोस. मीच सांगणार आहे, हे पत्र कोपऱ्यावरच्या हिरव्या टपालपेटीत टाकून आल्यावर. आधी टाकते, म्हणजे परत येताना सबब सुचली तरी उपयोग नाही. श्रेयसचा डबा मात्र आज तिला न विचारता भरलाय. जाताना त्याच्या दारात ठेवते.

तुझीच,
नऊशेवाली आजी