मी नापास केलेली मुलगी

बाबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि तुमची मुलगी आता कॉम्प्युटरच्या मुलांना नीतिमत्ता शिकवते. हसू नका. यंत्रानं माणसाबद्दल निर्णय दिला तर जबाबदार कोण, त्याला नियम काय असावेत, असा अख्खा विषयच आहे. शेवटची सही डोळे उघडे ठेवून माणसानंच करायची, असं मी वर्गात ठणकावून सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

तुमच्या शाळेची रीत वेगळी. निकालाच्या आदल्या दिवशी तुम्ही सायकल काढायचात आणि नंदाखाल गावच्या केळीच्या वाड्यांतून नापास मुलांच्या घरी जायचात. मी मागे कॅरिअरवर. एका घरी मुलाची आई रडायला लागली, तर चहा तसाच ठेवून तुम्ही त्याच्या वह्या मागवल्यात आणि ओट्यावर चाळत बसलात. मी कंटाळून म्हणाले, "बाबा, उद्या फळ्यावर लागणारच आहे ना?" केवढ्यानं ओरडलात माझ्यावर! "नापास मी केलंय. मग तोंड कोणी दाखवायचं, फळ्यानं?"

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात चांदीप गावाहून येणारी एक मुलगी होती. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. तिचा इंग्रजी निबंध आमच्या कॉलेजच्या तपासणी सॉफ्टवेअरनं यंत्राकडून लिहून घेतलेला ठरवला. मी निबंध न वाचताच सही केली. शून्य, म्हणजे विषयात नापास. ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली, माझ्या डोळ्यांपुढे अजूनही राहते. "मॅडम, मी पाठ करून लिहिलंय हो. कुठूनपण विचारा, आत्ता बोलून दाखवते." वाक्यंच्या वाक्यं घोकून इंग्रजी लिहायचं, आपल्याकडची किती पोरं तशीच शिकतात. मीही तशीच शिकले, तुम्हीच पाठ म्हणून घ्यायचात. तरी मी म्हणाले, "सिस्टीमनं दाखवलंय गं, मी काय करणार?" तिनं एक वही टेबलावर ठेवली आणि निघून गेली.

वही मी उघडली महिन्याभरानं, कपाट आवरताना. तोच निबंध तीनदा लिहिलेला, शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीनं मराठी अर्थ. तोवर तिनं कॉलेज सोडलं होतं. मार्क मी गुपचूप दुरुस्त करून घेतले, पण तिला कळवलं नाही. तिच्या लेखी ती अजून नापासच आहे.

आता दर वर्षी हेच मी वर्गात उदाहरण म्हणून सांगते, कुठल्यातरी कॉलेजातल्या कुठल्यातरी बाईंचं. परवा एकानं विचारलं, "मॅडम, त्या टीचर नंतर त्या मुलीला सॉरी बोलल्या का?" मी म्हटलं, "पुस्तकात दिलेलं नाही." माझी मलाच किळस आली, बाबा. चांदीप काही लांब नाही. दोनदा एव्हरशाईनच्या नाक्यावरून रिक्षा केली आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेतून परत वळवली.

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून तर लिहवतंय. खरं सांगू? वरचं 'बाबा' मी नंतर लिहिलं. आधी तिथे तिचं नाव होतं, ते खोडलं.