मेणात राहिलेला तुकडा

आबा, तुम्ही आणि तुमच्यासारखी ती सगळी माणसं, जी जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांत खाटेवर पडून राहिली आणि आपल्याला काय झालंय हे न कळताच गेली, तुमची सगळ्यांची तक्रार एकच असणार. रोग आमच्या अंगात होता आणि त्याचं नाव मात्र दाराबाहेर कुजबुजलं जात होतं. ही तक्रार खरी आहे. चाळीसगावात, पाचोऱ्यात, धुळ्यात मी सभांतून ती मांडते. माणसाला त्याचा रोग सांगा, आणि तपासणीला काढलेला तुकडा अभ्यासाला द्या, असं घसा फोडून सांगते. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन आपल्या म्हाताऱ्याला सांगतात, दाढ किडलीय.

तुम्हालाही दाढच सांगितली होती. जळगावच्या त्या वॉर्डात तुम्ही गालाला रुमाल लावून बसला आहात. फैजपूरहून दोन गाड्या भरून माणसं आली आहेत. तुम्ही एकेकाकडे बघता आणि म्हणता, "एक दाढ काढाले इतके लोक? माही दाढ लई मानाची दिसते." सगळे हसतात. आईही हसते, आणि पदर तोंडाला लावून बाहेर जाते. त्याच्या काही दिवस आधीच डॉक्टरांनी तुमच्या गालातून एक लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला होता.

आबा, तो तुकडा अजून आहे. असे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवतात, म्हणजे ते वर्षानुवर्षं टिकतात. ज्यांनी तो तपासला होता ते डॉक्टर आता म्हातारे झाले, लॅब बंद करताहेत. मी पीएचडीनंतर कॅन्सरच्या पेशींचा अभ्यास संगणकावर करते हे त्यांच्या कानावर होतं. त्यांचा फोन आला, "तुमच्या वडिलांचा ठोकळा कपाटात सापडलाय. टाकून देऊ, की नेता?" मी जाऊन घेऊन आले. तळहातावर मावतो, काडेपेटीहूनही लहान. बसमध्ये मी तो मांडीवर धरून बसले होते आणि शेजारची बाई विचारत होती, पेढे का?

आपल्या भागातल्या माणसांचे नमुने या कामात फार थोडे असतात. म्हणून मला तो हवा होता, आणि त्यासाठी आईची परवानगी हवी होती. ओट्यावर बसून मी सगळं समजावलं. काकांनी, तुमच्या धाकट्या भावाने, ठोकळा उचलून उजेडात धरला.

"म्हनजे दादाचा येवढा तुकडा जाळाचाच राह्यला?"

काकांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"तापीत आपन सगळा दादा सोडला अशी माही समज. आन् तू त्याले डबीत घिऊन फिरते."

मी बोलायला लागले. विज्ञान, कर्तव्य, येणाऱ्या पिढ्या. काका म्हणाले, "हे सभेत बोल. इथं टाळ्या वाजवाले कोनी नही."

शेवटी आई बोलली. "अर्धा तुहा, अर्धा तापीचा. पन कापाच्या आधी त्याह्यले सांग. जित्ते होते तव्हा कोनी सांगतलं नही. सांग, आन् इचार."

"आई, कसं विचारू?"

"ते मले नको पुसू. तू शिकेल हाये."

म्हणून सांगते. आबा, ती दाढ नव्हती. तो कॅन्सर होता. तुमच्या गालातल्या एका पेशीची नक्कल होताना तिच्या डीएनएचं एक अक्षर चुकलं. पेशी मेली नाही. तिच्या लेकींनी ती चूक जपली, त्यात आपली एकेक नवी घातली, आणि त्यांच्या लेकींनी आणखी. आपल्या केळीच्या बागेत एका कंदाभोवती पिलं फुटायची, त्या पिलांना पुन्हा पिलं. मी विचारायची, यातलं कोण कोणाचं? तुम्ही विळा चालवत म्हणायचात, "ते त्याह्यच्या मायले माहीत." मी आजही तेच विचारते, आणि आता गणित उत्तर देतं. जी चूक सगळ्या पेशींत सापडते ती आधीची, जी थोड्यांतच सापडते ती नंतरची. असं करत करत पडद्यावर एक झाड उभं राहतं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, त्याच्या देहातली कोणाला न दिसलेली कित्येक वर्षं समोर येतात. इतकी पुस्तकं वाचली, इतकी भाषणं ठोकली, पण त्या झाडासमोर मला शब्द सुचत नाही. ज्याने माणूस मारला त्याच्यासमोर मान झुकते, याची लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. बुंध्याची ती पहिली चूक दुखणं सुरू होण्याच्या पुष्कळ आधीची असू शकते. म्हणजे तुम्ही मला खांद्यावर बसवून बागेत न्यायचात, माझा पाय तुमच्या गालाला घासायचा, तेव्हा कदाचित त्या गालात, माझ्या पायापासून बोटभर अंतरावर, ती पेशी मुकाट्याने वेगळी झाली होती. तुमच्या तुकड्यात ते लिहिलेलं असेल. मला ते वाचायचं आहे.

आता विचारायचं तेवढं राहिलं. आईने ठोकळा देव्हाऱ्यात ठेवलाय, तुमचं उत्तर येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मेलेली माणसं स्वप्नात येऊन निरोप देतात, या समजुतीवर मी भरसभेत तुटून पडले आहे आणि पुढेही पडेन. हे पत्र कुठल्या पत्त्यावर जाणार नाही हेही मला ठाऊक आहे. तरी रोज सकाळी चहा घेताना मी आईच्या तोंडाकडे बघते, ती काही सांगते का म्हणून. तुमची परवानगी एकदा तरी तुमच्याच तोंडून यायला हवी. आबा, आईच्या स्वप्नात या, आणि हो की नाही ते सांगून जा.