पिवळं फडकं आणि ठणठणीत साहेब

४ मार्च
काल टीव्हीवर जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा पाहिला. पोलीस टोळीत शिरतो, चोरांसारखाच वागतो आणि भ्रष्टाचाराचा (शब्द तपासला, बरोबर आहे) भांडाफोड करतो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आमच्या ड्रायव्हिंग टेस्टच्या मैदानावर तरी दुसरं काय चाललंय? मी तिथे गाडी वळवायच्या वाटेवर प्लास्टिकचे कोन मांडतो. एजंटला पैसे दिलेल्या माणसाच्या गाडीत काचेपाशी पिवळं फडकं असतं. ते दिसलं की कोन हातभर लांब सरकव, म्हणजे तो पास होईल, म्हणून एजंट कधीचा मागे लागलाय. मी नाही म्हणत आलो. आता हो म्हणणार. नाटक म्हणून.

५ मार्च
सिनेमातली चूक टाळायची. हिरोचं गुपित फक्त त्याच्या वरिष्ठाला ठाऊक असतं आणि वरिष्ठ हृदयविकाराच्या झटक्याने जातो. मग हिरो खरा की चोर, सांगणार कोण? म्हणून माझा वरिष्ठ तब्येतीने पक्का हवा. आमच्या ऑफिसचे मोठे साहेब! जिना धावत चढतात. चहा बिनसाखरेचा.

६ मार्च
साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, बाळा, तुझ्यासारखी माणसं राहिली कुठे! कुणाजवळ बोलू नकोस. एजंट सांगेल ते बिनधास्त कर. वेळ आली की मी आहेच.
वडील गेल्यापासून मला कुणी बाळा म्हटलं नव्हतं.

१४ मार्च
कोन सरकवले. एक बाई तरीही तीन कोन आडवे करून कुंपणात शिरल्या. पास. एजंट म्हणाला, बघ, बसला की नाही हात! मी बेरकी हसलो. जमलं असावं.

२ एप्रिल
ताई (तिच्याकडेच राहतो) म्हणते, जूनमध्ये नोकरी पक्की होईपर्यंत मान खाली घालून काम कर, उगाच नाही ते उद्योग नकोत. बिचारीला काय ठाऊक! साहेब हल्ली खिडकीतून फडक्याच्या गाड्या स्वतः पाहतात. पुरावा गोळा करत असणार.

१९ एप्रिल
लाचलुचपतवाल्यांची धाड पडली. शेवटी एकदाची! कोन हातात घेऊनच पुढे झालो. म्हणालो, मी तुमचाच माणूस, साहेबांना विचारा. त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, हाच तो. मला बरेच दिवस संशय होता.
मी म्हणालो, साहेब, मी बाळा.
साहेब म्हणाले, कोण बाळा?
सिनेमात वरिष्ठ मेलेला असतो. माझे समोर बसून चहा पीत होते.

२० एप्रिल
रात्री जबाब घेऊन मला सोडलं. विचार केला. साहेब माझं नाटक मोडू देत नसतील. खुलासा व्हावा म्हणून संध्याकाळी फाटकापाशी थांबलो. गाडी आली. मागे साहेब, शेजारी एजंट. एजंटने मला हात केला. साहेबांनी काच वर केली.

२३ एप्रिल
नोकरी गेली. एजंट घरी आला. म्हणाला, मनावर घेऊ नकोस, धाडवाल्यांना कुणीतरी द्यावाच लागतो. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ये.
जायचं ठरवलं. आतून भांडाफोड करीन. फक्त या वेळी वरिष्ठ घरचा हवा. ताईला पहिल्यापासून सगळं सांगितलं. म्हणालो, तू एवढंच लक्षात ठेव, की मी खरा आहे.
ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, मला आत्ताच झटका आला असं समज.